आंबा-काजूच्या बागेत स्वस्तात १० मीटरची एअर रायफल रेंज: कुठल्या क्रमानं बांधायची

आपल्याकडं घरची रेंज करायची ठरली की पहिलं काम काय होतं, तर एखादं जाडजूड आंब्याचं खोड बघून त्याला खिळा ठोकतात, त्यावर टार्गेट लावतात आणि दहा पावलं मोजून बंदूक उचलतात. मागं काय आहे, बाजूनं कोण येतंय, छर्रा चुकला तर जाणार कुठं, हे सगळं नंतर सुचतं, आणि बऱ्याचदा शेजारचा भांडायला आला की मगच सुचतं. म्हणून हा क्रम नीट लिहितोय. सगळी मेख क्रमातच आहे. टार्गेट सगळ्यात शेवटी. आधी टार्गेटच्या मागं काय आहे ते, मग छर्रा अडवायची सोय, मग बाजू, मग उभं राहायची जागा. मागून पुढं यायचं.

हे सगळं फक्त ४.५ मिमी (म्हणजे ०.१७७ इंच) बोअरच्या, म्हणजे नळीच्या भोकाच्या, आणि छर्ऱ्याचा जोर २० जूलच्या आत असलेल्या एअर रायफल किंवा एअर पिस्तूलसाठी आहे. शिशाचे छर्रे, अंतर १० मीटर. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक घरात असेल तर ती या रेंजवर एकदाही चालवायची नाही, "एक बार काढून बघू" सुद्धा नाही. तो परवाना पीक राखायला दिलेला असतो, आणि खऱ्या बंदुकीची रेंज काढायला वेगळी परवानगी लागते. शिवाय इथं सांगितलेलं काहीच त्या ताकदीला पुरणार नाही.

१. आधी कागद आणि माणसं

सातबारा काढा आणि दोन गोष्टी बघा. इतर हक्कात वन, खाजगी वन असा काही शेरा आहे का? असेल तर त्या तुकड्यात बांधकाम, खणती, झाडतोड काहीच करू नका, दुसरी जागा बघा. आणि दुसरं म्हणजे नावं किती आहेत. कोकणातल्या सातबाऱ्यावर चुलते, आत्या, मुंबईवाले सगळे असतात, वाटप तोंडी झालेलं असतं, आणि ज्याला कधी बागेत पाय ठेवायला वेळ नव्हता तो बंदुकीचं नाव ऐकून पहिल्या गाडीनं गावी येतो. भावकीला आधीच सांगा, जमलं तर दोन ओळी लिहून सह्या घ्या.

वर सांगितलेल्या मर्यादेतल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. ०.२२ ची किंवा २० जूलच्या वरची असेल तर लागतो, आणि ती या रेंजसाठी नकोच. खरेदीची पावती आणि ओळखपत्राची झेरॉक्स बंदुकीच्या पेटीतच ठेवा. पोलीस पाटलांना भेटून सांगा, पोलीस ठाण्यात साधा माहितीचा अर्ज देऊन पोच घ्या. आवाज ऐकून कुणी फोन केलाच तर ती पोच कामाला येते.

> सावध: माकडं, वानर, पक्षी यांच्यावर एअरगन चालवायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहेच, पण रेंजच्या दृष्टीनंही बघा, माकडाच्या मागं बंदूक फिरली की ती वर आणि बाजूला फिरते, आणि मग मातीचा बांध, ट्रॅप (छर्रे पकडायची पेटी), नियम सगळंच फुकट.

२. जागा निवडताना आधी मागं बघा

ताकदवान स्प्रिंग एअरगनचा छर्रा वर तिरका सुटला तर ३०० मीटरच्या पलीकडंही जाऊ शकतो. आता कोकणात ३०० मीटर मोकळी, बिनवाटेची, बिनघराची जागा कुणाकडं आहे? म्हणून अंतराच्या भरवशावर राहायचंच नाही, मातीच्या भरवशावर राहायचं. टार्गेटच्या मागं चढती मातीची दरड किंवा उंच मेर (शेताचा बांध) असेल ती जागा पहिली पसंत. आपल्याकडं उतारावरच्या बागांत अशा दरडी असतातच, बघायची सवय नसते एवढंच.

काय नको तेही सांगतो. जांभ्याचा कातळ नको, चिऱ्याची भिंत नको, गडगा (नुसते दगड रचलेली भिंत) तर मुळीच नको. दगडावरून शिशाचा छर्रा कुठल्या कोनात परत येईल सांगता येत नाही. झाडाचं खोडही नको, खोड गोल असतं, कडेला लागलेला छर्रा बाजूला घसरून निघून जातो, आणि कलमाला जखमा झाल्या की तिथं भिरूड (खोड पोखरणारी अळी) शिरायला वाट मिळते. हापूसचं कलम तयार व्हायला किती वर्षं जातात ते तुम्हाला माहीत आहे. आणि विहिरीपासून, पऱ्ह्यापासून (ओढ्यापासून) लांब, याचं कारण पुढं शिशाच्या भागात आहे.

दिशा शक्यतो दक्षिणेकडून उत्तरेकडं, म्हणजे उभं राहिल्यावर तोंड उत्तरेला. ऊन डोळ्यात येत नाही. तशी जागा नसेल तर निदान संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून मारावं लागेल अशी तरी घेऊ नका, समुद्राकडचं ते आडवं ऊन साइटमध्ये (नेम धरायच्या खाचेत) काही दिसू देत नाही.

> तपासणी: टार्गेट जिथं येणार तिथं उभे राहा आणि मागं वळून चालत सुटा. दरडीच्या वर काय आहे? पायवाट, पाणंद, गोठा, शेजाऱ्याचं कुंपण? दरडीवरून माणसं किंवा गुरं जात असतील तर जागा बाद. हे काजूच्या दिवसांत बघा, फेब्रुवारी ते मे, कारण एरवी ओस असलेल्या बागेत तेव्हा बिया वेचणारे, रातांबे काढणारे, लाकडं गोळा करणारे कुठूनही येतात.

३. मातीचा बांध

नैसर्गिक दरड असली तरी तिच्यापुढं गोणींचा बांध घालायचाच. सिमेंटच्या रिकाम्या गोणी मिळतात, माती घरची. रुंदी निदान ३ मीटर, उंची अडीच मीटर (मागची दरड चांगली मातीची आणि उभी असेल तर गोणी छातीच्या थोड्या वरपर्यंत आल्या तरी चालतं, वरचं काम दरड करते).

माती चाळून घ्यायची. याच पायरीवर लोक कंटाळतात, फावड्यानं ओढून तशीच भरतात, आणि आपल्या मातीत जांभ्याचे खडे ठासून भरलेले असतात, मग तो बांध म्हणजे गोणीत भरलेला गडगाच झाला. गवंड्याकडची वाळूची चाळण आणा, निदान पुढच्या दोन थरांसाठी तरी चाळलेलीच माती वापरा. गोण तीन चतुर्थांश भरा, पूर्ण ठासली की ती गोल होते आणि रचताना घसरते. चिरे बांधताना सांधा मोडतो तसा इथंही मोडायचा, एका गोणीचा जोड दुसऱ्या गोणीच्या मधोमध आला पाहिजे. खाली दोन किंवा तीन ओळी जाड, वर जाताना कमी.

> सावध: माती हवी म्हणून दरडीचा पायथा खणू नका. पहिल्या जोराच्या पावसात दरड खाली येते. माती दुसरीकडून आणा.

> सावध: गोणींच्या फटीत फुरसं बसतं. रचलेल्या गोणी हलवताना आधी काठीनं आवाज करा, हात फटीत घालू नका.

प्लास्टिकची गोण उन्हानं वर्षभरात कुजल्यासारखी भुगा होते. म्हणून पुढच्या बाजूला जुनं गोणपाट किंवा ताडपत्री टाका, गोणी जास्त टिकतात.

४. ट्रॅप, म्हणजे छर्रे पकडायची पेटी

बांध हा चुकलेल्या छर्ऱ्यासाठी, रोजचे छर्रे पेटीतच गेले पाहिजेत. पैसे कुठं खर्च करायचे असतील तर इथं करा, बाकी सगळं घरच्या सामानात भागतं.

तोंड ४५ बाय ४५ सेंटिमीटर, खोली ४८ सेंटिमीटर, जाड प्लायची पेटी. आत ३ मिमी जाडीचा लोखंडी पत्रा ४५ अंशात तिरका. पत्र्याचं माप ४५ बाय ६४ सेंटिमीटर, वजन साधारण पावणेसात किलो भरतं, त्यामुळं भंगारवाल्याकडं किलोच्या भावानं काय पडेल ते आधीच काढता येतं. पत्रा सपाट पाहिजे, पोचा आलेला, खड्डे पडलेला नको.

आता तिरका म्हणजे कुठल्या बाजूनं, हे बहुतेक जण उलटं करतात. पत्र्याची वरची कड तुमच्याकडं, खालची कड मागं. असा लावला की छर्रा आदळून खाली जातो. उलटा लावला, म्हणजे खालची कड पुढं आणि वरची मागं, की छर्रा वर उडतो, पेटीचं झाकण फोडतो नाहीतर बाहेर येतो. हातात धरून एकदा विचार करा आणि मगच स्क्रू मारा. वेल्डिंग करून घ्यायची गरज नाही, आतून दोन बाजूंना लाकडी पट्ट्या तिरक्या ठोकून त्यावर पत्रा टेकवला आणि मागून अडवला तरी पुरतं.

पेटीच्या तळाशी दोन इंच कोरडी वाळू, छर्रे तिथं पडतात आणि परत उसळत नाहीत. बांधकामातली उरलेली वाळू घ्या, किनाऱ्यावरची आणू नका, त्यातलं मीठ पत्रा खाऊन टाकतं. तोंडावर जाड पुठ्ठा, टार्गेट त्याच्यावर. पुठ्ठा फक्त कार्ड धरायला नाही, पत्र्यावर शिसं फुटून जे बारीक कण पुढं येतात ते तो अडवतो, म्हणून मधोमध चाळण झाली की लगेच बदला.

पेटी आणि बांध यांच्यामध्ये जुनी सतरंजी किंवा जाड गोधडी वरून मोकळी टांगा, खाली बांधू नका. लटकतं कापड छर्ऱ्याचा जोर खातं, ताणून बांधलेलं कापड फाटतं. टायर नको. टायरवरून छर्रा उसळून सरळ तुमच्याकडं येतो. आणि गोल स्टीलचे छर्रे या रेंजवर कधीच आणायचे नाहीत, ते पत्र्यावर चपटे होत नाहीत, परत येतात.

५. दहा मीटर आणि एक मीटर चाळीस

अंतर फायरिंग लाइनपासून (मारणारा जिथं उभा राहतो ती रेघ) टार्गेटच्या कागदापर्यंत मोजायचं, १० मीटर, फरक ५ सेंटिमीटरच्या आत. पेटीच्या मागच्या बाजूपर्यंत नाही, बांधापर्यंत नाही. नायलॉनच्या दोरीनं मोजू नका, ती ताणते. स्टीलचा टेप घ्या.

उंचीत जास्त चुका होतात. टार्गेटचं केंद्र १.४० मीटरवर हवं, पण कुठून मोजून? तुम्ही जिथं उभे आहात त्या जमिनीच्या पातळीपासून. आपल्या बागा उताराच्या, टार्गेटखालची जमीन फूटभर वर किंवा खाली असतेच, आणि लोक तिथंच टेप धरून १.४० घेतात. मग पोरगं वर्षभर मान वाकडी करून सराव करतं आणि स्पर्धेत गेल्यावर सगळं बिनसतं.

गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणा. पाणी भरा, बुडबुडा एकही राहू देऊ नका. फायरिंग लाइनवर एक काठी रोवून तिच्यावर जमिनीपासून १.४० मीटरला खूण करा. एकानं नळीचं एक टोक त्या खुणेशी धरायचं, दुसऱ्यानं दुसरं टोक पेटीच्या खांबाशी. इकडं पाणी बरोबर खुणेवर येऊन स्थिर झालं की तिकडं पाणी जिथं थांबलंय तिथं पेन्सिलीनं रेघ मारा. तीच उंची. फरक ५ सेंटिमीटरपर्यंत चालतो पण नळीनं काम केलं तर तो राहतच नाही.

पेटीचे खांब माणगा बांबूचे किंवा पोफळीचे, दीड फूट जमिनीत. खालच्या टोकाला डांबर किंवा जळकं ऑइल लावा, नाहीतर वाळवी पहिल्याच वर्षी खांब आतून पोकळ करते.

६. वर आणि बाजूला

सगळ्यात धोकादायक छर्रा वर गेलेला. बंदूक भरताना किंवा खांद्याला लावताना चुकून ट्रिगर दाबला गेला तर नळी वर असते. त्यासाठी फायरिंग लाइनच्या पुढं ३ मीटरवर दोन खांब रोवून एक आडवी फळी टांगायची, १८ मिमी प्लायचे दोन थर एकावर एक, रुंदी दीड फूट, खालची कड जमिनीपासून साधारण पावणेदोन मीटरवर. नेमकी उंची उभं राहून ठरवा.

> तपासणी: फायरिंग लाइनवर उभे राहून बंदुकीच्या उंचीवर डोळा आणा. फळीची खालची कड आणि बांधाची वरची कड यांच्या मध्ये आकाश किंवा पलीकडची बाग दिसता कामा नये. दिसतंय? फळी खाली घ्या किंवा बांध वाढवा. लहान मूल मारणार असेल तर त्याच्या उंचीवरूनही बघा, बसून मारणार असाल तर बसूनही बघा, तेव्हा बहुतेक अजून एक फळी लागते.

बाजूंना काट्याचं कुंपण, मारणाऱ्याच्या मागं एक बेडं (फाटक). फायरिंग लाइनच्या पुढं बाजूनं आत यायला कुठलीही वाट ठेवायची नाही. आत यायची वाट एकच, आणि ती मारणाऱ्याच्या मागून. सराव चालू असताना वाटेवर उंच काठीला लाल फडकं, संपल्यावर ते उतरवायचं. फडकं कायम वर राहिलं की दोन आठवड्यांत त्याच्याकडं कुणी बघत नाही. बागेत राखणदार गडी असतील तर त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा, फडक्याचा अर्थ त्यांना आपोआप कळेल असं धरून चालू नका.

७. उभं राहायची जागा

एका माणसाला १ मीटर रुंदी. जमीन ठोकून सपाट करा, शेणानं सारवलीत तरी उत्तम, पाय सरकत नाही. पुढं टेबल, उंची ७० ते ८० सेंटिमीटर, डगमगणारं नको. वर माणगा आणि झावळ्यांचा मांडव. फायरिंग लाइन चुन्यानं आखू नका, पुसली जाते, एक रीप जमिनीत गाडा, अंधुक उजेडातही पायाला कळते.

८. कार्ड आणि उजेड

रायफलच्या कार्डावरचं काळं वर्तुळ ३०.५ मिमी, पिस्तुलाचं ५९.५ मिमी. घरी प्रिंट काढत असाल तर प्रिंटर कागदात बसवायला आकार कमी करतो, त्यामुळं शंभर टक्के साइज निवडा आणि पट्टीनं मोजून बघा. साधा झेरॉक्सचा कागद फाटतो, भोक कुठं पडलं कळत नाही, कार्डशीट घ्या.

बागेत उजेडाची अडचण वेगळीच. पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे टार्गेटवर हलत राहतात आणि डोळा दमतो. पेटीच्या वर आणि बाजूंना हिरवी शेडनेट लावून कवडसे बंद करा, मग पुढून एक एलईडी टाका, बल्ब मारणाऱ्याला दिसू नये म्हणून समोर फळीचा तुकडा. स्पर्धेत टार्गेटवर निदान १५०० लक्स (उजेडाचं माप) असतात, मोबाइलच्या लक्स मीटर अॅपवर अंदाज घेता येतो.

९. पहिली चाचणी

पहिल्या दिवशी एकटा मोठा माणूस, डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा, बाकी सगळे मांडवाच्या मागं. फायरिंग लाइनपुढच्या जमिनीवर जुनी पांढरी चादर अंथरा, पेटीच्या चारी बाजूंना वर्तमानपत्रं टांगा. दहा छर्रे मारा. मग बंदूक उघडून टेबलावर ठेवून पुढं जा आणि बघा. चादरीवर शिशाचा एकही कण असेल तर सराव सुरू करायचा नाही, पत्र्याचा कोन किंवा पुठ्ठा चुकलाय. वर्तमानपत्राला भोकं असतील तर कण बाजूनं निसटतायत, पेटीच्या सांध्यात पट्ट्या मारा. सगळं स्वच्छ निघालं तरी अजून चाळीस मारून परत बघा, कारण पुठ्ठा चाळण झाल्यावरच खरं कळतं.

१०. रोजचा क्रम, आणि शिसं

लाल फडकं वर. दोन्ही बाजूंना बघून मोठ्यानं हाक. मग लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड, याच शब्दांनी, एकच माणूस बोलणार. पुढं जायच्या आधी प्रत्येक बंदूक उघडी, टेबलावर, आणि नळीतून ग्रासकटरची केशरी दोरी आरपार घातलेली. दोरी दोन्हीकडून दिसली म्हणजे नळीत छर्रा नाही हे लांबूनही कळतं. ती दिसल्याशिवाय कुणीही लाइन ओलांडायची नाही, टार्गेट बदलायला नाही, पडलेलं पेन उचलायलाही नाही.

स्प्रिंगची ब्रेक-बॅरल (नळी मोडून भरायची) बंदूक असेल तर छर्रा घालताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरा, सुटली तर बोटं जातात. रिकामी मारू नका, स्प्रिंग आणि सील खराब होतात.

शिशाबद्दल लोक फार बेफिकीर असतात. आपली माती आंबट, जांभा सच्छिद्र, पाऊस धो धो. आंबट पाण्यात शिसं विरघळतं आणि जांभ्यातून झिरपून खाली जातं, विहीर जवळ असली तर कुठं जाईल हे सांगायला नको. म्हणून छर्रे पेटीतच पकडायचे आणि महिन्यातून एकदा वाळू चाळून काढायचे. झाडताना आधी पाणी शिंपडा, कोरडं झाडलं की धूळ नाकात जाते. तोंडात छर्रे धरायची सवय कुणाला असेल तर ती आजच बंद. सराव झाल्यावर साबणानं हात, मगच चहा-पाणी. गोळा झालेले छर्रे बरणीत बंद करून भंगारात शिसं म्हणूनच द्या, घरी चुलीवर वितळवायचे नाहीत, लहान मुलं असलेल्या घरात तर अजिबातच नाही.

११. मृगाच्या आधी

काम दिवाळीनंतर काढा, मे संपायच्या आत आवरा. पहिल्या पावसाआधी पेटी सोडवून पडवीत आणा, वाळू काढा, पत्र्याला तेलाचा हात फिरवा. शेडनेट, फळी, एलईडी सगळं आत. बांधावर ताडपत्री घालून कडेनं चर काढा म्हणजे पाणी गोणींच्या पायात जाणार नाही. बंदूक कापडी कव्हरात ठेवू नका, खाऱ्या हवेचा दमटपणा कव्हरात राहतो आणि नळीवर गंज धरतो, तेल लावून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून कुलपात ठेवा, छर्रे वेगळ्या कुलपात.

पावसाळा सरला की लगेच बंदूक काढायची नाही. आधी बांध बघा, गोणी खचल्यात का, मधून खडे उघडे पडलेत का. मग नळीनं उंची परत तपासा, कारण भिजलेल्या मातीत खांब बसतात आणि १.४० चे १.३५ कधी झाले ते कळत नाही. मग फळीखालून आकाश दिसतंय का ते बघा. आणि मग परत पांढरी चादर अंथरून दहा छर्रे.